सूनमुखाआधीची साखर

अक्काचा फोन मी शाळेचा डबा भरत असताना येतो. त्या वेळी मी घाईत असते हे तिला पक्कं ठाऊक आहे. घाईतलं माणूस उलटे प्रश्न विचारत नाही, म्हणून अडचणीचा विषय ती नेमका तेव्हाच काढते. होळी नुकतीच झाली होती आणि तिच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. मला वाटलं, आचाऱ्याचं किंवा मांडवाचं काहीतरी अडलं असेल.

"तुले एक इचारू का वं? हासशी तं नही ना?"

"इचार."

"ते साखरनं तोंडले लावानं ऱ्हास ना, ते कसं शे?"

मी हसले. हसणार नाही असं मी कबूल केलं नव्हतं, एवढाच माझा बचाव. साखर चहात घालतात, पुरणात घालतात, गोड बातमी आली की तोंडात घालतात. तोंडावर चोळायची साखर विकत घ्यायची म्हणजे पैसे वर आल्याचं लक्षण, असं काहीतरी मी बोलून गेले.  अक्का म्हणाली, "मोबाईलमा दखाडतस. बाई लावस, चोळस, आनि बठ्ठं निंघी जास."

"बठ्ठं म्हणजे काय?"

"बठ्ठं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याच्या पुढे एका खेड्यात दिलेली. घरची शेती, कापूस आणि कांदा, आणि त्या शेतीत घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळ काढलेली बाई. आयुष्यात तिने तोंडाला लावायला म्हणून पावडरचा एक डबा घेतला असेल, तोही लग्नाकार्यापुरता उघडायचा. साबण संपला तर ती अंगाला लावायच्या साबणाची वाट न बघता कपड्यांच्या वडीनं तोंड धुते, आणि मी ओरडले की म्हणते, तोंड काय आणि कपडा काय, मळ तोच. ती बाई मला फेस मास्कबद्दल विचारत होती. दिवसभर वर्गात शिकवताना माझं लक्ष त्या एका शब्दाकडे जात होतं, सगळंच्या सगळं या अर्थाच्या. बठ्ठं.

तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीवर पडतात तसे काळपट डाग, नाकाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले आणि कपाळावर चढलेले. मला ते वर्षानुवर्षं दिसत होते, म्हणजेच दिसत नव्हते. आपल्या माणसाचं तोंड आपण कुठे बघतो. ते आहे की नाही एवढंच बघतो.

माझ्या तोंडावर मात्र एक डाग नाही. लोक कौतुकानं विचारतात, काय लावता, बाई? मी काही लावत नाही. मी शाळेत गेले, आणि शाळेतून बाहेर पडले ती शिकवायला पुन्हा शाळेतच गेले. डोक्यावर कायम छत. अक्का लवकर शेतात गेली, आणि शेताला छत नसतं. यात कोणी कोणावर अन्याय केला असं नाही, तेव्हा घरोघरी असंच चालायचं. तरी कोणी माझ्या कांतीचं कौतुक केलं की मला ते चोरीच्या मालासारखं वाटतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी बाजारात गेले. जळगावच्या बायका सोन्याच्या दुकानात जेवढ्या ऐटीत शिरतात, तेवढ्या ऐटीत मला त्या कॉस्मेटिकच्या दुकानात शिरता आलं नाही. काचेचं दार, आत गारवा, आणि प्रत्येक खांबावर आरसा. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कोणासाठी पाहिजे, मॅडम?" बहिणीसाठी, असं सांगायला काय हरकत होती कोण जाणे, पण मी म्हणाले, "माझ्यासाठी." तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमची स्किन तर मस्त आहे," ती म्हणाली आणि तरीही तीन डबे समोर मांडले. धंदा तो धंदा.

त्यातला साखरेचा एक मी उचलला, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ती सवय मला विज्ञान शिकवण्यानं लागली आहे. बिस्किटाचा पुडासुद्धा मी उलटा करूनच घेते. साखर, कसलं तरी तेल, ग्लिसरीन, मध, फळाच्या बियांचा चुरा, सुगंध. आठवड्यातून दोनदा लावा, डोळ्यांपासून दूर ठेवा. मृत त्वचा निघून जाते, चेहरा तजेलदार दिसतो. वांगाचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तीनदा शोधला. त्या मुलीनं माझ्या हाताच्या मागच्या बाजूवर बोटभर लेप लावून चोळून दाखवला. बारीक रवा खसखसावा तसं झालं, आणि पुसल्यावर तेवढी जागा मऊ लागली.

किंमत पाहिली आणि डबा खाली ठेवला. मग परत उचलला. एवढ्या पैशांत घरात कितीतरी साखर आली असती हे सांगायला शिकलेलं माणूस लागत नाही. पण ती साखर आणून अक्काच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. जे आपण वापरलं नाही त्याबद्दल छातीठोक बोलायचं नाही, असं मी मुलांना सांगत आले आहे. डबा घेतला.

रविवारी सकाळी मेहरूण तलावावरून चक्कर मारून आल्यावर मी न्हाणीघराचं दार लावलं. थोडा वेळ मला हाक मारायची नाही, असं घरात सांगून ठेवलं. असं मी बहुधा पहिल्यांदाच सांगितलं, कारण नवऱ्यानं काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी लेप डाव्या गालाला लावला, उजवा तसाच ठेवला. प्रयोग करायचा तर तुलनेला काहीतरी लागतं. ओल्या बोटांनी हलकं चोळत राहिले. दाणे आधी टोचले, मग विरघळायला लागले, मधाचा वास आला. कोमट पाण्यानं धुतलं. आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. एवढा वेळ मी स्वतःचा गाल हातात धरून शेवटची कधी उभी होते, ते आठवेना.

बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं, कुठला गाल चांगला दिसतो? त्यानं पेपर खाली घेतला, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन्ही तुझेच ना?" प्रयोगाला असला निरीक्षक असेल तर विज्ञानाची प्रगती कशी व्हायची. पण हाताला फरक कळत होता. डावा गाल उजव्यापेक्षा मऊ होता, किंचित चमकतही होता. दोन दिवसांनी तो फरक गेला.

म्हणजे माझं उत्तर तयार होतं. ज्याला मऊपणा हवा आणि तेवढा वेळ स्वतःचा हवा, त्यानं घ्यावा. पैसे अगदीच पाण्यात जात नाहीत. वांगासाठी मात्र नाही. कातडीचा वरचा मेलेला थर चोळून निघतो, पण वांगाचा रंग खाली मुरलेला असतो. भिंतीवरची धूळ झटकली म्हणून आतली ओल जात नाही. उलट घासून नाजूक झालेल्या कातडीवर ऊन लागलं तर आणखी काळं पडतं. एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी हसले होते ते डोक्यातून जात नव्हतं, म्हणून सुट्टी बघून धुळ्याची गाडी धरली. डबा पिशवीत टाकला. नको म्हणून सांगायचं तर वस्तू समोर असलेली बरी.

अक्का मागच्या पडवीत गहू निवडत बसली होती. तोंडाला रुमाल. शेतात जाताना बायका बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. घरात, सावलीत.

"घरमा कसाले बांधं?" मी विचारलं.

"धूळ उडस."

गहू निवडताना धूळ उडते, हे खरं आहे. पण रुमाल गालाला लागू नये म्हणून ती दोन बोटांनी सारखा पुढे ओढत होती. तिची धाकटी जाऊ चहा घेऊन आली, तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. मी उठले आणि गाठ सोडली. अक्कानं माझा हात धरला, पण जोर लावला नाही.

दोन्ही गाल लालभडक. डाव्या गालावर बारीक ओरखडे, काही ठिकाणी खपली धरलेली. आणि त्या लालीच्या मधोमध वांग जसंच्या तसं, उलट आधीपेक्षा गडद.

"काय लाई बसनी तोंडले?"

तिनं देवघराकडे बोट दाखवलं. तिथे खुंटीला होळीचे साखरेचे हार लटकत होते.

आमच्याकडे होळीला साखरेचे हार-कडे घेतात. साच्यात ओतलेल्या साखरेच्या पदकांची माळ आणि साखरेचंच कडं. घरातल्या पोरांच्या गळ्यात घालायचे, देवापुढे लावायचे, आणि लग्न ठरलेलं असेल तर नव्या सुनेच्या घरी मोठा हार, साडी असं घेऊन जायचं. अक्कानं त्या मुलीकडे हाताच्या पंजाएवढ्या पदकांचा हार नेला होता. घरातल्या हारांपैकी एक तिनं खलबत्त्यात कुटला, दह्यात कालवला, आणि मोबाईलमधल्या बाईपेक्षा दुप्पट वेळ तोंड चोळलं. धुतलं, आणि कांद्यावर बायका लावल्या होत्या म्हणून भर उन्हात शेतात गेली.

"चहानी साखर ऱ्हावू दे," मी म्हणाले, "पन हार कुटाचं कोनी सांगं तुले?"

"देवफुडे टांगेल व्हता," ती म्हणाली. "देवनी साखर. ती काय वाईट करी?"

 साच्यातली साखर दगडासारखी घट्ट होते, कुटली की तिचे काचेसारखे धारदार कण होतात, हे मला कळत होतं. पण तिनं चहाच्या डब्यातली साखर न घेता हार का उतरवला, तेही कळत होतं. जे काम माणसाकडून होणार नाही असं वाटतं, त्याला ती देवापुढची वस्तू घेते. पोरं आजारी पडली की अंगाराही तशाच खात्रीनं लावायची. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडते. मी भांडले. ती गहू निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टर होते, पण घाई करणारे नव्हते. ओरखडे आठवड्याभरात बरे होतील म्हणाले. वांग घासून जात नाही, मलम लिहून देतो, पण महिनोन्‌महिने लावावं लागेल, आणि ऊन टाळावं लागेल.

"लग्नलगुन?" अक्कानं विचारलं. लग्नापर्यंत?

डॉक्टरांनी मान हलवली. लग्न तीन आठवड्यांवर होतं.

बाहेर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती, कडुनिंबाच्या सावलीत दोन बाकं टाकलेली. आम्ही बसलो. अक्कानं रुमाल हनुवटीवर ओढला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "ऊन टाळा म्हने. धुळ्यामा." आम्ही दोघी हसलो. हसताना तिचा गाल ताणला गेला आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मग मी पिशवीतून तो डबा काढला, झाकण उघडून तिच्यापुढे धरला आणि शिकवायला लागले. कातडीचे थर, मेलेल्या पेशी, रंग कुठे असतो. ती ऐकत होती, वास घेत होती. माझं झाल्यावर तिनं झाकण लावलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"मंग सूनमुखले मी नही बसनार," ती म्हणाली. "धाकली जाऊ बसी."

 लग्न लागल्यावर सासू नव्या सुनेला जवळ बसवते, हातात आरसा धरून त्यात तिचं तोंड पाहते आणि तिच्या तोंडात साखर घालते. एका आरशात दोन तोंडं. ते सासूनंच करायचं असतं. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात अक्का ते जावेला देऊन टाकत होती. फोटोची लाज वाटते का, मी विचारलं. मोठा पडदा लावणार आहेत म्हणून? तसं असेल तर पार्लरवाली मुलगी येणार आहे, थर चढवेल.

"फोटोले काय चाटू?" ती म्हणाली. तिनं ग्लास बाकावर ठेवला. "मन्हा सूनमुखले मी आरसामा देखं ना, तवय माले मन्हं तोंड दिसनंच नही. सासूनंच दिसनं."

तिच्या सासूबाई मला आठवतात. कमी बोलणाऱ्या, पाठीत वाकलेल्या, कायम शेतात. तोंड उन्हानं रापलेलं, दोन्ही गाल वांगानं भरलेले.

"मी मनमा म्हनं, आते आपलं बी आसंच व्हई." तिनं आपल्या गालाकडे बोट केलं. "आनि व्हयनं."

रसवाल्यानं चरक फिरवायला घेतला. त्या आवाजात ती बोलत राहिली, म्हणून कदाचित बोलू शकली. मुलाला किती ठिकाणी नकार आले ते मला माहीत होतं. नोकरी नाही, शेती करतो म्हटलं की बोलणं तिथंच संपायचं. शिरपूरकडची ही मुलगी शिकलेली, तिनं घर पाहिलं, शेत पाहिलं आणि हो म्हणाली. "शेती करनारा पोऱ्याले हा म्हनेल शे ती," अक्का म्हणाली. "आरसामा देखीसन घाबरनी तं? मी घाबरेल व्हती. कोनले सांगं नही, पन रातभर घाबरेल व्हती."

एवढ्यासाठी तिला ती साखर हवी होती. आपण चांगलं दिसावं म्हणून नाही. त्या मुलीला आपलं पुढचं आयुष्य आमच्या अक्काच्या गालांवर दिसू नये म्हणून. आणि मी फोनवर हसले होते.

मला तिला सांगायचं होतं की तुझं तोंड फार चांगलं आहे, पण आमच्यात असं बोलायची रीत नाही. मी म्हणाले, "तू नही बसनी तं ती काय समजी? सासूले आपलं तोंड देखानं बी मन नही, आसंच समजी ना?"

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.  "आसं बी समजी का ती?" एवढंच म्हणाली.  गाडीत बसताना तिनं रुमाल पुन्हा डोळ्यांपर्यंत चढवला.

लग्न धुळ्याच्या बाहेर हायवेवरच्या एका लॉनवर होतं. उन्हाचा ताव असा की कुलरसमोरची खुर्ची मिळावी म्हणून जवळचे नातेवाईक एकमेकांना ओळख देईनात. अक्काचे ओरखडे भरून आले होते. वांग होतं तिथेच होतं. पार्लरच्या मुलीनं त्यावर दोन-तीन रंगांचे थर देऊन तोंड एकसारखं गोरटं करून ठेवलं होतं. मान आणि हात मात्र अक्काचेच राहिले होते. ती मला ओळखू आली ती चालण्यावरून.

अक्षता पडल्या, जेवणाची एक पंगत उठली, आणि सूनमुखासाठी पाट मांडले गेले. नवरी येऊन बसली. व्हिडिओवाल्यानं दिवा लावला, मोठ्या पडद्यावर रिकामा पाट दिसायला लागला. वरमाईच्या नावानं हाका सुरू झाल्या. धाकटी जाऊ सुनेची साडी ताटात घेऊन उभी होती, ती माझ्या जवळ येऊन कुजबुजली, "अक्कानं माले सांगेल शे, येळ पडनी तं तू बस. मी काय करू?"

"थांब थोडी," मी म्हणाले आणि शोधायला गेले.

अक्का स्टेजच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ होती. नळ सोडून ओंजळी भरभरून तोंड धूत होती. शालूचा पदर कमरेला खोचलेला, पायाजवळ चिखल, आणि त्यात गोरटा रंग ओघळत चाललेला. मी पुढे झाले. तिनं पदराच्या आतल्या बाजूनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. ते तोंड पाहून मला इतकं बरं वाटलं, की मी पिशवीतून कुंकवाची डबी काढून तिच्यापुढे धरली.

"दखाडनंच शे," ती कुंकू लावत म्हणाली, "तं बठ्ठं दखाडसू."

ती पाटावर जाऊन बसली. साखरेची वाटी शेजारी ठेवली, आरसा हातात घेतला. घरातलाच, लाकडी चौकटीचा. बायकांचा घोळका भोवती दाटला. नवरीची आई मुलीच्या मागेच ओटीचं ताट धरून उभी होती, नऊवारीत, तिच्याही तोंडावर पार्लरचा दाट थर. मी अक्काच्या पाठीशी होते, म्हणून आरशात काय दिसतं ते मला दिसत होतं. एक हळदीनं उजळलेलं, कोवळं तोंड. त्याला लागून अक्काचं.

मुलगी आरशात पाहत होती. 

"हाऊ उनना डाग शे, बाई," अक्का तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. "माले देखीसन तू घाबरू नको."

सकाळपासून ती मुलगी सगळ्यांशी शाळेतल्या मराठीत बोलत होती. हो आई, नाही मावशी, जेवलात का. तिनं आरशातल्या अक्काकडे पाहिलं.

"मन्ही मायलेबी शे," ती म्हणाली.

आणि मेंदीनं भरलेला हात लांब करून तिनं अक्काच्या हातातला आरसा जरासा वर केला, बाजूला वळवला. त्यात तिच्या मागे उभ्या असलेल्या आईचं तोंड आलं. घामानं थर फुटला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंनी खालचा काळपट रंग वर आला होता, आमच्या अक्काच्या गालांवर असतो तिथेच. त्या बाईला आधी कळलं नाही की सगळ्या तिच्याकडे का बघताहेत. मग तिनं आरशात पाहिलं आणि पदर गालापर्यंत नेला.

"ऱ्हावू द्या, याहीनबाई," अक्का म्हणाली. "अठे या. जोडे बसा."

ती ताट घेऊन तशीच खाली बसली. अक्कानं वाटीतली साखर चिमटीत घेतली, सुनेच्या तोंडात घातली. दुसरी चिमूट विहिणीच्या तोंडात. अशी काही रीत नाही. म्हाताऱ्या बायकांपैकी कोणीतरी तसं म्हणालंही. मुलीनं वाटी ओढून घेतली आणि तिसरी चिमूट अक्काच्या ओठांना लावली. मोठ्या पडद्यावर मध्येमध्ये आरशाचा लखलखाट येत होता.

"मावशी, आरसा सरळ धरा," व्हिडिओवाला ओरडला. "तीन तोंडं येताहेत."

अक्काच्या तोंडात साखर होती. ती गिळून झाल्यावर तिनं आरसा होता तसाच धरला.

"येऊ दे, भाऊ," ती म्हणाली. "तिन्हीबी येऊ दे."